टॉवर उभा, रेंज फुल्ल, पण नेट नाही! तुटलेल्या गावात हवेतून इंटरनेट कसं पोहोचतं?

यवतमाळ : पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आधी रस्ता जातो, मग लाईन जाते आणि मागोमाग मोबाईलचं नेट जातं. पाणी उतरलं की रस्ता सुरू होतो. वायरमन येऊन लाईनही जोडून देतो. नेट मात्र कधी कधी चार-चार दिवस येत नाही. तोवर रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही, ई-पीक पाहणी अपलोड होत नाही, सेतू केंद्रावर 'सर्व्हर डाऊन'ची पाटी लागते. ज्या हंगामात पीक विम्यात स्थानिक आपत्तीचं कलम लागू असतं, त्या हंगामात नुकसान ७२ तासांत कळवायचं असतं. वावर पाण्याखाली आणि ॲप फिरतंय गोल गोल. यात कास्तकाराची चूक काही नाही, पण घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

२२ जुलै २०२३ ची आठवण जिल्ह्यात अजून ताजी आहे. त्या दिवशीच्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर ४५ माणसं पुरात अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. अशा वेळी गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क राहणं ही चैनीची गोष्ट नसते.

केबल तुटली, रस्ता बंद आहे, तरी नेट गावात आणता येतं. त्यासाठी हवेतून लांब पल्ल्याचा वायरलेस दुवा टाकतात. हे काम महाराष्ट्रातच, पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर झालेलं आहे. ते कसं झालं आणि आपल्याकडे कुठं लागू पडतं, ते समजून घेऊ.

रेंज आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी

फोनवर दिसणाऱ्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की तुमचा फोन टॉवरशी बोलतो आहे. टॉवर पुढं कुणाशी बोलतो, ते त्या दांड्या सांगत नाहीत.

गावातली पाण्याची टाकी डोळ्यांपुढं आणा. टाकी उभी आहे, नळ धड आहेत, पण विहिरीवरून टाकीत पाणी चढवणारी पाइपलाइन फुटली तर नळाला काय येणार? टॉवरचंही तसंच आहे. त्याच्यापर्यंत नेट आणणारी ऑप्टिकल फायबर केबल पुलाजवळ किंवा मोरीजवळ वाहून गेली, नाहीतर रस्त्याच्या कामात जेसीबीनं तोडली, की टॉवर उभा राहतो, रेंज दिसते आणि नेट मात्र बंद पडतं.

दुसरं कारण विजेचं. लाईन गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली की जनरेटर लागतो आणि डिझेल घेऊन जाणारी गाडी पुराच्या अलीकडेच अडकते. अशा वेळी दांड्याही गायब होतात. म्हणून नेट गेलं की आधी पाहायचं : रेंज आहे का? रेंज असून नेट नसेल तर बहुतेक वेळा मागची केबल तुटलेली असते.

ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढं 'भारतनेट' झाली आणि आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम 'महानेट' नावानं झालं. बऱ्याच ठिकाणी ही केबल एका गावातून पुढच्या गावात अशी एकाच ओळीत गेली. त्यामुळं मधे एका जागी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ही खोट सरकारनंही ओळखली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये केबल गोल कडीसारखी टाकायची असं ठरलं, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं नेट येईल. ते काम पूर्ण होईपर्यंत दुसरी बाजू हवेतून देता येते.

पालघरमध्ये काय केलं?

पालघर तालुक्यातलं खामलोली आणि आजूबाजूचे पाडे. डोंगर, दाट झाडी, विखुरलेली घरं. झरी जामणी किंवा केळापूरकडचे पोड जसे आहेत, तसाच मुलूख. मुंबई जवळ असूनही तिथं नेट पोहोचत नव्हतं, कारण प्रत्येक पाड्याला खोदून केबल नेणं परवडत नव्हतं.

आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातले प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या गटानं इथं 'ग्राममार्ग' नावाचा प्रयोग सुरू केला. करंदीकर पुढं आयआयटी कानपूरचे संचालक आणि नंतर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले.

त्यांचा पहिला विचार अगदी साधा होता. छपरावर काठीला बांधलेला जुना अँटेना आठवतो ना? दूरदर्शन त्यातून यायचं. त्या प्रसारणासाठी ठेवलेल्या लहरींचा एक पट्टा देशात बराचसा रिकामा पडला आहे. या गटानं २०१४ मध्ये हिशेब मांडला : ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात १५ चॅनेल बसतात आणि देशाच्या एक तृतीयांशाहून जास्त भागात हे पंधराही चॅनेल मोकळे आहेत. या लहरी लांब असतात, साधारण ६० सेंटिमीटरच्या. त्यामुळं झाडीतून त्या बऱ्यापैकी पार होतात. सरकारकडून खास परवानगी घेऊन खामलोली परिसरात त्यावर इंटरनेट चालवून पाहिलं आणि ते चाललं.

हा पट्टा मात्र सर्वांसाठी खुला नाही. म्हणून पुढच्या टप्प्यात ५.८ गिगाहर्ट्झच्या वायफायचा वापर झाला. जिथं फायबर येऊन थांबलं होतं, त्या ठिकाणापासून हवेतून दुवे टाकून पालघरमधली २५ गावं जोडली गेली. गावात पोहोचलेलं नेट वायफायनं लोकांच्या फोनपर्यंत.

या कामात ग्रामपंचायतीलाही भागीदार केलं होतं. सरकार, खासगी कंपनी आणि पंचायत, तिघांनी मिळून चालवायचं आणि रोजची देखभाल गावातल्याच पोरांनी करायची, असा तो नमुना. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत 'ग्राममार्ग'ला पहिलं बक्षीस मिळालं, १ लाख २५ हजार डॉलरचं.

कंदील आणि टॉर्च

घरातलं वायफाय अंगणाच्या पुढं जात नाही, मग तेच वायफाय दहा-वीस किलोमीटर कसं जातं?

घरचा राउटर कंदिलासारखा असतो. उजेड चारही बाजूला पसरतो, म्हणून दूरवर पोहोचत नाही. लांब पल्ल्याचा दुवा टॉर्चसारखा असतो. ताटलीसारखी अँटेना सगळी ताकद एकाच दिशेला गोळा करते. समोरच्या टोकाला तशीच ताटली हिच्याकडे तोंड करून बसवलेली असते. यंत्रातून निघणारी ताकद घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बपेक्षाही कितीतरी कमी असते, तरी सरळ रेघेत मोकळी हवा असेल तर ती लांब जाते. किती लांब? व्हेनेझुएलात २००७ मध्ये एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या साथीदारांनी दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरचा वायफाय दुवा जोडून दाखवला होता. आपल्याला एवढ्याची गरज नाही. तालुक्यातून गावात यायला दहा-वीस किलोमीटर पुरे.

यात अडचण एका गोष्टीची येते. साधा राउटर डेटा पाठवला की समोरून 'मिळालं' असा निरोप येण्याची वाट पाहतो. ३० किलोमीटर जायला लहरीला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. आपल्याला हे काहीच नाही, पण राउटरला ते फार वाटतं. निरोप आला नाही असं समजून तो तेच पुन्हा पाठवत बसतो आणि सगळा घोटाळा होतो. म्हणून लांबच्या दुव्याच्या यंत्रात अंतर भरावं लागतं आणि दोन्ही टोकांना पाळी लावून द्यावी लागते. कॅनॉलच्या पाण्याला जशी पाळी असते तशीच : आधी तुझं, मग माझं.

समोरचं टोक दिसलं पाहिजे, आणि तेवढ्यानंही भागत नाही

५.८ गिगाहर्ट्झची लहर फक्त पाच सेंटिमीटरची असते. ती झाड, टेकडी, भिंत काही ओलांडत नाही. एका अँटेनाजवळ उभं राहून दुर्बिणीतून दुसरी दिसली पाहिजे, हा पहिला नियम.

दुसरा नियम बरेच जण विसरतात. लहर दोरीसारखी बारीक रेघेत जात नाही. ती काकडीसारखी मधे फुगते. १० किलोमीटरच्या दुव्यात मधोमध हा फुगवटा रेघेच्या सगळ्या बाजूंना सुमारे ११ मीटर असतो. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे ७ मीटर, मोकळा हवा. शिवाय जमीन गोल असल्यामुळं १० किलोमीटरवर मधला भाग दीड मीटर वर येतो. २० किलोमीटरवर हाच उठाव जवळपास ६ मीटर होतो.

हिशेब करून पाहा. १० किलोमीटरच्या मधोमध २० मीटर उंच सागाचं रान आहे. २० अधिक ७ अधिक दीड, म्हणजे लहरीची रेघ तिथं जमिनीपासून किमान २८-२९ मीटर उंचावरून गेली पाहिजे. सपाट भागात एवढा खांब उभा करायचा तर खर्च वाढतो. आपल्याकडे पुसद-उमरखेडकडच्या डोंगररांगा आणि यवतमाळच्या पठाराच्या कडा इथंच कामी येतात. ज्या टेकडीमुळं गावात रेंज येत नाही, त्याच टेकडीच्या माथ्यावर यंत्र बसवलं तर तीच टेकडी टॉवर होते.

सागाचं पान फसवतं

आपल्या जिल्ह्यापुरती ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. साग उन्हाळ्यात पानं टाकतो. एप्रिल-मे महिन्यात कुणी पाहणी केली तर रानातून आरपार दिसतं, दुवा लागतो, स्पीडही मिळतो. सगळे खूष. जूनमध्ये पाऊस पडला की सुपाएवढी पानं फुटतात आणि त्यावर पाणी साचतं. ओलं पान या लहरीसाठी भिंतीसारखंच. म्हणजे ज्या जुलै-ऑगस्टसाठी सगळी धडपड केली, त्याच महिन्यांत दुवा बंद. त्यामुळं पाहणी पावसाळ्यात करावी. ते जमलं नाही तर झाडाला पानं आहेत असं धरून आणि पुढच्या पाच-सात वर्षांत झाड किती वाढेल ते मोजून उंची ठरवावी.

पावसाची भीती मात्र तेवढी नाही. मुसळधार पावसात घरची डीटीएच छत्री बंद पडते, तसं याचं होत नाही. डीटीएचच्या लहरी याहून जवळपास दुप्पट वेगानं कंप पावतात आणि त्या थेंबांनी अडतात. ५.८ गिगाहर्ट्झला पावसाचा फटका थोडाच बसतो.

खरा धोका वाऱ्याचा, विजेचा आणि माकडांचा. ताटली एक अंश जरी हलली तरी १० किलोमीटरवर निशाणा पावणेदोनशे मीटर चुकतो. म्हणून पाइप सिमेंटमध्ये पक्का हवा आणि वादळानंतर नट-बोल्ट तपासायला हवेत. वीज पडण्याचं प्रमाण आपल्याकडे जास्त आहे, त्यामुळं वीजरोधक आणि नीट केलेली अर्थिंग यात कंजूषी नको. उघडी केबल माकडं ओढतात, उंदीर कुरतडतात. ती लोखंडी किंवा जाड पाइपातूनच न्यावी.

पूल बुडाला तरी नदीवरची हवा मोकळीच

आता सगळ्यात कामाचा मुद्दा. वायरलेस दुवा नेट तयार करत नाही. तो फक्त एका जागचं नेट दुसऱ्या जागी नेतो. म्हणून ज्या ठिकाणाहून नेट आणायचं, तिथली केबल आपल्या केबलपेक्षा वेगळ्या वाटेनं आलेली हवी. पाच किलोमीटरवरच्या शेजारच्या गावातून नेट घेतलं, पण दोन्ही गावांची केबल त्याच एका पुलावरून आलेली असली, तर पुरात दोघंही एकदमच तुटणार.

पैनगंगेकाठच्या गावांचं पाहा. नदीच्या पलीकडे कुठं नांदेड जिल्हा आहे, तर खाली कुठं तेलंगणातला आदिलाबाद. पलीकडच्या गावांची केबल बहुधा दुसऱ्याच बाजूनं आलेली असते. पुलावर पाणी आल्यावर रस्ता आणि केबल दोन्ही जातात, पण नदीवरची हवा मोकळीच राहते. पात्रात ना झाड, ना टेकडी. दोन्ही काठांवर उंच जागा मिळाली तर नदी ओलांडणं हे लांब पल्ल्याच्या कामापेक्षा किती तरी सोपं असतं. पैनगंगा अभयारण्यालगतच्या बंदी भागासारख्या ठिकाणी, जिथं जंगलात खोदायला परवानग्या लागतात, तिथंही हवेतला दुवा जमीन न खोदता जातो. खांब उभारायची जागा वनविभागाची असेल तर परवानगी मात्र तिथंही लागेलच.

समोरचं टोक दिसत नसेल तर मधे एक टप्पा घालतात. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावचे महाबीर पुन यांनी दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला हेच केलं. रस्ता नसलेल्या डोंगराळ गावांत त्यांनी टेकडीवरच्या झाडालाच अँटेना बांधून टप्प्याटप्प्यानं नेट नेलं. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तमिळनाडूत थेनी इथं अरविंद नेत्र रुग्णालयानं अशाच दुव्यांनी खेड्यातली तपासणी केंद्रं जोडली. पेशंट गावात आणि डॉक्टर स्क्रीनवर, असे डोळे तपासले गेले.

वीज किती लागते?

टेकडीवर लाईन नसते. पण एका टप्प्यावर दोन यंत्रं आणि एक छोटा स्विच धरून सुमारे २० वॅट लागतात. २४ तासांत हे अर्धा युनिटही होत नाही. पावसाळ्यात तीन दिवस ऊन पडलं नाही असं धरलं तर दीड युनिट साठवून ठेवायला हवं. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण ती अर्ध्याखाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणून अशा दोन बॅटऱ्या आणि त्या ढगाळ दिवसांनंतर पुन्हा भरतील एवढी सोलर पॅनेल लागतात. सोलर पंप चालवणाऱ्या गावाला हे काही नवीन नाही.

यंत्रांची जोडी काही हजारांपासून मिळते. मोठा खर्च खांब, सोलर आणि अर्थिंगचा. त्यामुळं आधी गावातली पाण्याची टाकी, शाळेचा स्लॅब, असलेला टॉवर किंवा टेकडी पाहावी.

कायदा काय म्हणतो?

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारनं विनापरवाना वापरासाठी खुला केला. ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत आणि दूरसंचार विभागाची मान्यता असलेलं यंत्र वापरलं तर त्या लहरींसाठी लायसन लागत नाही.

पण लहर फुकट म्हणजे नेट विकायला मोकळीक असा अर्थ नाही. घरचं कनेक्शन परस्पर गावाला विकता येत नाही. त्यासाठी लायसनधारक कंपनी सोबत हवी, नाहीतर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेतून जायचं. या योजनेत किराणा दुकानदार किंवा सेतू केंद्रवालाही कंपनीकडून नेट घेऊन गावात वायफाय देऊ शकतो आणि त्याला वेगळं लायसन घ्यावं लागत नाही.

सरकारचे दुसरे प्रयत्नही सुरू आहेत. जुलै २०२२ मध्ये २४ हजार ६८० गावांसाठी बीएसएनएलच्या फोरजीला २६ हजार ३१६ कोटी मंजूर झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं उपग्रहावरून नेट देण्यासाठी स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं, त्यात आपल्या शेजारच्या वाशिमचंही नाव आहे. उपग्रहाचं नेट एका गावात उतरलं तरी तिथून पाच पाड्यांवर न्यायला पुन्हा हाच हवेतला दुवा कामी येतो.

ग्रामपंचायतीनं पावसाळ्याआधी काय पाहावं?

१. आपल्या गावाची केबल कोणत्या रस्त्यानं, कोणत्या पुलावरून येते, ते विचारून नकाशावर काढा.

२. पुरात ती तुटली तर दुसऱ्या वाटेनं नेट असलेलं सगळ्यात जवळचं ठिकाण कोणतं, ते शोधा.

३. टाकीवर किंवा टेकडीवर चढून ते ठिकाण दिसतं का पाहा. गुगल अर्थवर दोन जागांमध्ये रेघ ओढली तर मधल्या जमिनीचा चढ-उतार दिसतो. झाडांची उंची त्यात स्वतः मिळवा.

४. गावातल्या दोन पोरा-पोरींना शिकवून तयार ठेवा. बाहेरचा इंजिनीअर पुरात येऊ शकत नाही.

५. दुवा कमी ताकदीचा असेल तर आधी कुणाला द्यायचा ते ग्रामसभेत ठरवा. आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान, ग्रामपंचायत आणि सेतू केंद्र आधी. व्हिडिओ नंतर.

एक गोष्ट सगळ्यांनी आजच करून ठेवावी. फोनच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' असतं, ते सुरू करा. बहुतेक नव्या फोनमध्ये ही सोय आहे. टॉवर बंद असला आणि गावात कुठंही वायफाय चालू असलं, तर त्यावरून आपल्याच नंबरनं साधा फोन लागतो. बाळंतीण अडली किंवा कुणाला साप चावला, तर तेवढ्या एका फोनवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

ताटल्या बसवून विसरून गेलं की दोन वर्षांत त्यांचं भंगार होतं. अर्थिंग तपासणारा, बॅटरीत पाणी टाकणारा आणि वादळानंतर टेकडीवर चढणारा माणूस गावात असेल, तरच हे टिकतं. नाल्याला पाणी येण्याआधी तो माणूस कोण, हे गावानं ठरवून ठेवलेलं बरं.